परक्याला आपले करण्याचे शास्त्र : सर पीटर मेडावार यांचे जीवन



कोकणात आंब्याचे कलम कसे बांधतात हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. रायवळ आंब्याच्या कोयीपासून वाढवलेल्या रोपावर हापूसची काडी बसवतात, घट्ट बांधतात, आणि काही आठवड्यांत दोन्ही एकजीव होतात. परक्या झाडाची काडी रोप मुकाट्याने स्वीकारते. कलम हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. त्या भाषेत कलम म्हणजे लेखणी. ज्या शब्दाने आपण लिहिण्याचे साधन ओळखतो, त्याच शब्दाने एका झाडाला दुसऱ्याशी जोडण्याची कृतीही ओळखतो.

माणसाच्या शरीरावर मात्र असे परके कलम धरत नाही. स्वतःच्या कातडीने स्वतःचीच जखम झाकता येते, हे आपल्या देशात फार पूर्वीपासून ठाऊक होते. सुश्रुताच्या ग्रंथात नाक नव्याने करण्याची कृती आहे. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात पुण्याजवळ झालेल्या अशाच शस्त्रक्रियेची सचित्र हकीकत छापून आली आणि तिने युरोपातील शल्यवैद्य थक्क झाले. कावसजी नावाच्या, इंग्रजी फौजेत बैल हाकणाऱ्या एका मराठी माणसाचे कापलेले नाक त्याच्याच कपाळाच्या कातडीने पुन्हा तयार केले होते. पण कातडी दुसऱ्याची असेल तर? ती चार दिवस टिकते, मग काळवंडते आणि गळून पडते. असे का व्हावे, आणि यावर काही उपाय आहे काय, या प्रश्नांच्या मागे ज्याने आपले आयुष्य लावले त्या सर पीटर ब्रायन मेडावार यांची ही जीवनकहाणी आहे.

पीटर मेडावार यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९१५ रोजी ब्राझील देशातील पेत्रोपोलिस या गावी झाला. वडील निकोलस हे मूळचे लेबनानचे, बैरुतजवळच्या जुनिये गावचे अरब. आई एडिथ इंग्रज होती. मेडावार हे आडनावही अरबीच. मुदव्वर म्हणजे गोल. हे कुटुंब ख्रिस्ती होते, आणि पीटर यांची मोठेपणी कोणत्याच धर्मावर श्रद्धा राहिली नाही. ते आपल्या धर्माचे नव्हते, हे येथे स्पष्ट सांगितलेले बरे. परंतु ज्ञान ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून घ्यावे, ही आपली जुनी शिकवण आहे. बगदादच्या विद्वानांनी ग्रीकांचे ग्रंथ घेताना त्यांचा धर्म विचारला नव्हता.

वडील दंतवैद्यांना लागणाऱ्या सामानाचा व्यापार करीत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस कुटुंब इंग्लंडला आले. १९२८ साली पीटर मार्लबरो कॉलेज या नामांकित शाळेत दाखल झाले. नाव परके, वंश परका, म्हणून तेथे त्यांना मानहानी सोसावी लागली. त्या शाळेविषयी त्यांच्या मनात जन्मभर कडवटपणा राहिला. मात्र तेथेच त्यांना जीवशास्त्र शिकवणारे लाउंड्स नावाचे एक शिक्षक भेटले. ते स्वतः संशोधन करीत आणि मुलांनाही प्रत्यक्ष पाहायला, तपासायला लावीत. त्यांच्यामुळे या मुलाला जीवशास्त्राची गोडी लागली. मुलाच्या आयुष्याला वळण लावायला कधीकधी एकच शिक्षक पुरेसा होतो, याचे हे उदाहरण आम्हा शिक्षकांनी ध्यानात ठेवावे असे आहे.

१९३२ साली ते ऑक्सफर्डच्या मॉड्लिन कॉलेजात गेले आणि १९३५ साली प्राणिशास्त्रात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. पुढे ते हॉवर्ड फ्लोरी यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. पेनिसिलीनला औषधाचे रूप देणारे ते हेच फ्लोरी. १९३७ साली पीटर यांनी जीन टेलर या सहाध्यायिनीशी विवाह केला. मुलाला ना घराणे ना पैसा, म्हणून तिच्या नातेवाइकांना हा विवाह पसंत नव्हता. तो अखेरपर्यंत सुखाचा ठरला. पैशाची ओढाताण मात्र होती. डॉक्टरेटचा प्रबंध मान्य झाला, पण त्याच सुमारास अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचा खर्च पुढे आला आणि पदवीचे शुल्क भरायचे राहिले. ती पदवी त्यांनी घेतलीच नाही. काम मात्र चालूच राहिले.

१९४० साली त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवणारी घटना घडली. महायुद्ध सुरू होते. ऑक्सफर्डमध्ये मेडावारांच्या घराजवळ एक विमान कोसळले. आतला तरुण वैमानिक भयंकर भाजला होता. डॉक्टरांनी मेडावारांना बोलावून विचारले की, जीवशास्त्राचा अभ्यासक म्हणून आपणांस काही सुचते काय? मोठ्या प्रमाणात भाजलेल्या माणसाची कातडी गेली की अंगातले पाणी झिरपून जाते आणि जंतूंना वाट मोकळी होते. त्याच्या स्वतःच्या अंगावर चांगली कातडी थोडीच उरलेली असते. दुसऱ्याची बसवली तर ती टिकत नाही. त्या वेळपर्यंत मेडावारांचे काम बरेचसे पुस्तकी कुतूहलाचे होते. त्या खाटेवरच्या तरुणाला पाहिल्यावर ते तसे राहिले नाही. थोडी कातडी अधिक जागेवर कशी पसरवता येईल याचे त्यांनी पुष्कळ प्रयत्न केले. ते फारसे साधले नाहीत. तेव्हा त्यांनी मूळ प्रश्नालाच हात घातला.

यासाठी ते ग्लासगोच्या रुग्णालयातील भाजलेल्या रुग्णांच्या विभागात गेले. तेथे टॉमस गिब्सन या शल्यचिकित्सकाबरोबर त्यांनी एका बावीस वर्षांच्या स्त्रीवर उपचार केले. गॅसच्या शेगडीवर पडून ती भाजली होती. तिच्या जखमेवर काही तुकडे तिच्याच कातडीचे व काही तिच्या भावाच्या कातडीचे लावले. तिचे स्वतःचे तुकडे धरले. भावाचे आधी धरल्यासारखे दिसले, मग नष्ट झाले. सुमारे पंधरा दिवसांनी भावाच्याच कातडीची दुसरी खेप लावली होती. ती पहिल्यापेक्षा फार लवकर नष्ट झाली.

आता या लहानशा निरीक्षणाचा अर्थ पाहा. कातडी न धरण्याचे कारण शिवण्यातली चूक किंवा रक्ताचा अपुरा पुरवठा असते, तर दोन्ही खेपा सारख्याच वेगाने गेल्या असत्या. दुसरी खेप लवकर गेली, याचा अर्थ शरीराला पहिली खेप आठवत होती. एकदा गोवर येऊन गेला की शरीर त्या रोगाच्या विषाणूला ओळखते आणि पुन्हा आल्यास त्याचा लगेच नाश करते. परक्या कातडीच्या बाबतीतही हीच प्रतिकारशक्ती काम करीत होती. १९४३ साली गिब्सन व मेडावार यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

एका रुग्णावरून सिद्धांत मांडणे त्यांना पटेना. ऑक्सफर्डला परतून त्यांनी सशांवर शेकडो कलमे केली आणि ठराविक दिवसांनी प्रत्येक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्याच दात्याची कातडी दुसऱ्यांदा लावली की ती लवकर जाते. पण दुसऱ्याच एखाद्या दात्याची लावली तर ती पहिल्या वेळेइतकाच वेळ घेते, असे दिसून आले. म्हणजे शरीर केवळ परके ओळखत नाही, तर कोणता परका हेही लक्षात ठेवते. १९४४ व १९४५ सालच्या या निबंधांनी प्रतिरोपणाच्या शास्त्राचा पाया घातला. १९४७ साली, अवघ्या बत्तीस वर्षांच्या वयात, मेडावार बर्मिंगहॅम विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि १९४९ साली रॉयल सोसायटीचे सदस्य.

येथवरच्या संशोधनातून निघालेला निष्कर्ष मात्र निराशेचा होता. निसर्गाने आपले आणि परके यांच्यामध्ये पक्की भिंत घातली आहे, असाच त्याचा अर्थ होत होता. ती भिंत हलली एका चुकीमुळे.

१९४८ साली स्टॉकहोम येथे आनुवंशिकीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तेथे ह्यू डोनाल्ड हे संशोधक मेडावारांना भेटले. गाईची जुळी वासरे एकाच अंड्यापासून झालेली आहेत की दोन वेगळ्या अंड्यांपासून, हे खात्रीने कसे ओळखावे, अशी त्यांची अडचण होती. मेडावारांनी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की, यात काहीच कठीण नाही. एका वासराची कातडी दुसऱ्याला लावा. धरली तर ती एका अंड्याची, नाही धरली तर दोन अंड्यांची. हे करून दाखवण्याचे त्यांनी कबूलही केले.

पुढे रूपर्ट बिलिंगहॅम या आपल्या विद्यार्थ्याला बरोबर घेऊन ते स्टॅफर्डशायर परगण्यातील एका गोठ्यावर जाऊ लागले. गाई-वासरांवर शस्त्रक्रिया करणे हे सशांइतके सोपे काम नव्हते. आणि निकाल आला तो चक्रावून टाकणारा. जवळजवळ सगळ्याच जुळ्या वासरांनी एकमेकांची कातडी स्वीकारली. एक गोऱ्हा व एक कालवड अशी जोडीही याला अपवाद नव्हती, आणि अशी जोडी एका अंड्याची असूच शकत नाही. मेडावारांचे भाकीत साफ चुकले होते.

अशा वेळी माणूस काय करतो? प्रयोगातच काही गफलत झाली असे म्हणून तो विषय सोडून देतो. मेडावार व बिलिंगहॅम यांनी तसे केले नाही. त्यांनी जुळ्या नसलेल्या भावंडांची कातडी लावून पाहिली. ती नाकारली गेली. म्हणजे शस्त्रक्रियेत दोष नव्हता. जे घडत होते ते खरे होते आणि ते फक्त जुळ्यांमध्येच घडत होते.

उलगडा एका जुन्या निबंधात सापडला. अमेरिकेतील रे ओवेन या शास्त्रज्ञाने १९४५ साली दाखवून दिले होते की, जुळ्या वासरांच्या रक्तात एकमेकांच्या रक्तपेशी जन्मभर राहतात. गाईच्या गर्भाशयात जुळ्यांच्या वारा एकमेकींना जोडल्या जातात आणि जन्माआधीच दोघांचे रक्त मिसळते. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड बहुधा वांझ निघते, तिचेही कारण हेच. ऑस्ट्रेलियातील फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी ओवेन यांच्या शोधावरून १९४९ साली एक कल्पना मांडली होती. आपले कोण आणि परके कोण हे शरीर जन्मतः शिकून येत नाही. गर्भावस्थेत जे जे त्याच्या सहवासात येते ते ते आपले, असे ते त्या काळात शिकते. बर्नेट यांच्याजवळ कल्पना होती, पुरावा नव्हता. मेडावारांजवळ वासरे होती.

१९५१ साली मेडावार लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले. बिलिंगहॅम बरोबर होतेच. तिसरा साथीदार होता लेस्ली ब्रेंट हा तरुण विद्यार्थी. याची कथा हृदय पिळवटणारी आहे. तो जर्मनीत जन्मलेला ज्यू मुलगा. १९३८ साली, तेराव्या वर्षी, मुलांच्या एका तुकडीबरोबर आईबापांना सोडून तो एकटा इंग्लंडला आला. मागे राहिलेले आईवडील व बहीण नाझींच्या हत्याकांडात मारले गेले. एक अरब वंशाचा, एक निर्वासित ज्यू आणि एक इंग्रज, अशा तिघांनी मिळून परक्याला आपले कसे करता येईल याचा शोध घेतला.

त्यांनी उंदरांच्या दोन जाती घेतल्या. एक तपकिरी, एक पांढरी. या जाती एकमेकींची कातडी कधीच स्वीकारत नाहीत. त्यांनी तपकिरी जातीच्या एका गाभण मादीच्या पोटातील पिलांना जन्माआधीच पांढऱ्या जातीच्या पेशी टोचल्या. पाच पिले धडधाकट जन्मली. आठ आठवड्यांनी त्यांच्या अंगावर पांढऱ्या उंदराची कातडी बसवली. दोन पिलांनी ती नाकारली. तिघांनी ती स्वीकारली, आणि तपकिरी अंगावर पांढऱ्या केसांचा ठिगळासारखा तुकडा दिसू लागला. शिवाय ही सवलत फक्त त्या एका जातीपुरतीच होती. तिसऱ्या जातीची कातडी अशा उंदरांनी नेहमीप्रमाणे फेकून दिली. म्हणजे प्रतिकारशक्ती दुबळी झाली नव्हती. ती एका परक्याला आपला मानायला शिकली होती. ३ ऑक्टोबर १९५३ च्या नेचर या साप्ताहिकात हा शोध प्रसिद्ध झाला. त्याला उपार्जित सहिष्णुता असे म्हणतात. उपार्जित म्हणजे जन्मजात नसलेली, मिळवलेली.

या युक्तीचा माणसावर जसाच्या तसा उपयोग करता येणार नव्हता. रुग्ण होईल की नाही हे ठाऊक नसलेल्या बाळाला जन्माआधीच पेशी कोण टोचणार? पुढे असेही आढळले की, टोचलेल्या पेशीच कधीकधी यजमानाच्या शरीरावर उलटतात. पण मेडावारांच्या शोधाने एक गोष्ट कायमची सिद्ध झाली. ती भिंत अभेद्य नाही. त्याआधी अशक्य म्हणून या विषयाकडे पाठ फिरवणारे डॉक्टर आता कामाला लागले. १९५४ साली बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी एकसारख्या जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचे यशस्वी प्रतिरोपण केले. पुढे प्रतिकारशक्ती आवरून धरणारी औषधे निघाली आणि जुळे नसलेल्यांतही ते शक्य झाले. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रतिरोपण झाले. शरीर आपल्याच अवयवांवर का उलटत नाही, या संबंधीच्या शोधासाठी २०२५ सालचे नोबेल पारितोषिक दिले गेले. इतका हा प्रश्न अजून ताजा आहे.

१९६० साली मेडावार व बर्नेट यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बिलिंगहॅम व ब्रेंट यांची नावे त्यात नव्हती. मेडावारांनी आपल्या रकमेतील वाटा या दोघांना दिला आणि काम तिघांचे आहे हे जाहीरपणे सांगितले. ओवेन यांनाही पत्र लिहून, त्यांना या मानात सामील केले नाही याची खंत व्यक्त केली. गौरव वाटून घेतल्याने कमी होत नाही, हे त्यांनी कृतीने दाखवले.

१९६२ साली ते लंडनच्या मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेचे संचालक झाले. १९६५ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. सहा फुटांहून उंच, क्रिकेट आणि संगीत यांचे शौकीन, उत्तम वक्ते आणि त्याहून उत्तम लेखक अशी त्यांची ख्याती झाली.

आणि १९६९ च्या सप्टेंबरात घाला पडला. एक्सेटरच्या कॅथीड्रलमध्ये विज्ञान परिषदेच्या निमित्ताने भरलेल्या प्रार्थनासभेत वाचन करीत असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वय अवघे चोपन्न. डावा हात निकामी झाला, डाव्या बाजूचे दिसेनासे झाले. संचालकपद १९७१ साली सोडावे लागले. पण प्रयोगशाळा त्यांनी सोडली नाही. शस्त्रक्रियेत निष्णात असलेले हात आता दुसऱ्याच्या मदतीने काम करू लागले. लेडी जीन यांनी त्यांना वाचनात, लेखनात, प्रवासात साथ दिली. दोघांनी मिळून पुस्तकेही लिहिली. तरुण संशोधकांना सल्ला देणारे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक १९७९ सालचे, म्हणजे या आजारानंतरचे. पुन्हा झटके आले, तरी ते लिहीत राहिले. १९८६ साली आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि २ ऑक्टोबर १९८७ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

या चरित्रातून दोन गोष्टी घ्याव्यात असे वाटते. पहिली पालकांसाठी. अवयवदानाचा प्रसंग आपल्या घरातही येऊ शकतो. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने फेब्रुवारी १९८८ मध्ये, अवयवाची विक्री होता कामा नये यासह काही अटी घालून, प्रतिरोपणास मान्यता दिली आहे. आपल्या देशाच्या १९९४ सालच्या कायद्यानेही अवयवांचा व्यापार गुन्हा ठरवला आहे. भावाला बहिणीचे मूत्रपिंड देण्याची वेळ आली तर अफवांवर विसंबू नये. डॉक्टरांना आणि जाणत्या उलेमांना विचारून निर्णय घ्यावा.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. परीक्षेत उत्तर चुकले की आपण ते खोडून टाकतो आणि कोणी पाहिले नाही ना म्हणून इकडेतिकडे बघतो. मेडावारांचे सर्वांत मोठे उत्तर गोठ्यातल्या चुकीतून निघाले. त्यांनी चूक झाकली असती, तर कदाचित त्या वासरांची गोष्ट तेथेच संपली असती. तुमचेही उत्तर चुकेल, पुष्कळदा चुकेल. ते खोडण्याआधी एकदा विचारा, असे का झाले? हा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही, घराणे लागत नाही, आणि नाव कोणत्या वळणाचे आहे हेही कोणी विचारीत नाही. आपल्या वर्गांतून असे प्रश्न विचारणारी मुलेमुली निघोत, अशी अल्लाहपाशी दुआ करून हा लेख पुरा करतो.